डायलिसिसवरील रुग्णाच्या लघवीत पस सेल्स आणि हुडहुडी: कॅज्युअल्टीत रक्ताचे कल्चर का?

प्रश्न (रुग्णाची मुलगी, सांगली)

माझ्या आईचे वय 64 असून मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याने तिचे आठवड्यातून तीन वेळा हिमोडायलिसिस चालते. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातील धमनी व शीर जोडून केलेला मार्ग) अद्याप केलेला नसल्याने ते मानेतील परमकॅथवरूनच (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीवरूनच) होते आणि लघवी दिवसाकाठी जेमतेम कपभर होते. परवा रात्री लघवीला जळजळ होऊन हुडहुडी भरली, म्हणून तिला कॅज्युअल्टीत नेले. लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स 25-30’ (पूच्या पेशी) असे लिहिलेले असतानाही डॉक्टरांनी त्यावर न थांबता परमकॅथमधून आणि हातातून, असे दोन्हीकडचे रक्त कल्चरला (त्यात जंतू वाढतात का, हे पाहण्याच्या तपासणीला) पाठवले व इंजेक्शन सुरू करून तिला दाखल करून घेतले. लघवीचेच दुखणे असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? शेजारच्या काकू ‘उन्हाळे लागले असेल, भरपूर शहाळ्याचे पाणी द्या’ म्हणतात. तसे द्यावे का?

उत्तर 1 (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)

ताई, त्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. डायलिसिसवरील ज्या रुग्णांना लघवी कमी होते, त्यांच्या मूत्राशयात ती साचून राहते आणि कोणताही जंतुसंसर्ग नसतानाही त्यात पस सेल्स सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे एरवी ज्या आकड्यावरून निदान होते, तो आकडा इथे फारसे काही सिद्ध करत नाही. लक्षणे असतील तरच लघवीच्या कल्चरला अर्थ येतो, आणि तो नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावा लागतो. लघवी होतच नसेल, तर बारीक नळीने एकदाच नमुना घेऊन नळी लगेच काढतात.

परमकॅथ असलेल्या रुग्णाला हुडहुडी भरली, की पहिला संशय मात्र त्या नळीवरच घ्यायचा असतो, कारण तिचे टोक थेट हृदयापाशी असते आणि तेथून रक्तात शिरलेले जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हृदयाच्या झडपांवर किंवा मणक्यात ठाण मांडू शकतात. रक्ताच्या दोन्ही नमुन्यांत एकच जंतू वाढला आणि परमकॅथच्या नमुन्यात तो दोन तास किंवा त्याहून आधी दिसला, तर मूळ नळीत असल्याचा कयास बळावतो. ताप फार चढला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. या रुग्णांचे शरीर अनेकदा तेवढे तापतच नाही.

उत्तर 2 (डायलिसिस विभागातील परिचारिका)

काकूंचा हेतू चांगला असला, तरी शहाळे अजिबात देऊ नका. त्याच्या ग्लासभर पाण्यात साधारण 400 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि आईंच्या शरीरातून ते पुढच्या डायलिसिसपर्यंत फारसे बाहेर पडणार नाही; वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडून रुग्ण अचानक दगावू शकतो. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही निरोगी माणसासाठीच ठीक आहे. इथे ते पाणी फुप्फुसांत उतरते. मेडिकलमधून मिळणाऱ्या जळजळीच्या सिरपमध्ये सोडियमचे किंवा पोटॅशियमचे सायट्रेट असते, म्हणून तेही नको. नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या घरात उरलेल्या असतील, तर त्या देऊ नका: या रुग्णांत ते औषध लघवीत पुरेसे उतरत नाही, उलट शरीरात साठून नसांना इजा करते.

कॅज्युअल्टीत गेल्यावर शेवटचे डायलिसिस कधी झाले, ड्राय वेट (अंगातील जादा पाणी काढल्यावरचे वजन) किती आहे आणि फिस्टुलासाठी कोणता हात राखून ठेवला आहे, हे न विचारताही सांगावे. त्या हातातून रक्त काढू देऊ नये; दुसऱ्या हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूची शीर वापरायला सांगावे. बरीच अँटिबायोटिक डायलिसिसमध्ये धुतली जातात, म्हणून त्या दिवशीचा डोस डायलिसिस झाल्यावर द्यायचा असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले असेल, तर ते फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्यांसोबत घेऊ नये, कारण त्या ते पोटातच अडवून धरतात.

उत्तर 3 (रुग्णाचा भाऊ, नाशिक)

माझ्या भावाला पॉलिसिस्टिक किडनीचा (मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार आहे. त्याला ताप आणि कुशीत दुखणे असूनही लघवीचे कल्चर निर्दोष आले होते. संसर्ग बंद गाठीच्या आतल्या पाण्यात असल्याने तो लघवीत उतरतच नव्हता, असे नंतर समजले. अशा रुग्णांनी निव्वळ त्या रिपोर्टवर समाधान मानू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. शहाळे बंद केले आहे. आईच्या शेजारच्या बेडवरील आजोबांना लघवी मुळीच होत नाही. मग त्यांना हा त्रास होण्याचा संभवच नाही, असे समजावे का?

उत्तर 1 (मूत्रपिंडविकारतज्ज्ञ)

नाही. वापरात नसलेल्या मूत्राशयात पू साचू शकतो. त्याला पायोसिस्टिस म्हणतात. ओटीपोटात दुखणे, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा कारण न सापडणारा ताप ही त्याची लक्षणे होत. लघवीच होत नसल्याने तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण सोनोग्राफीत मूत्राशय भरलेले दिसते. नुसत्या अँटिबायोटिकने ते बरे होत नाही. नळी घालून पू काढावा लागतो आणि गरजेनुसार मूत्राशय सलाइनने धुवावे लागते.