एलपीआयसी-१ साठी जुनं गाईड चालेल का? वापरलेल्यांनी सांगा

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, सध्या सांगलीत एका ऑफिसात सर्व्हर-नेटवर्क बघतो. एलपीआयसी-१ (लिनक्स ॲडमिनचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र, दोन पेपर) करायचं ठरवलंय. ओळखीच्या एका दादांनी त्यांचं जाडजूड गाईड दिलंय, पण त्यावर परीक्षेचे कोड १०१-४०० आणि १०२-४०० आहेत. आता १०१-५०० आणि १०२-५०० चालू आहे. नवीन गाईड महाग आहे, परीक्षांची फी वेगळीच. जुन्यावर भागेल का? आणि नुसतं गाईड पुरतं का?

टर्मिनलवाली:
भागेल. माझा अभ्यास जुन्याच आवृत्तीवरून झाला, परीक्षा नवी दिली. नवा अभ्यासक्रम २०१८ मध्ये आला. एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि डिस्क कोटा (कुणी किती जागा वापरायची याची मर्यादा) हे दोन्ही भाग त्यातून गेले, ती पानं सरळ सोडून द्या. जुन्या गाईडमध्ये सापडणार नाही ते म्हणजे व्हर्च्युअल मशीन किंवा क्लाउडवर चालणारं लिनक्स (मुद्दा १०२.६) आणि सिस्टीमडीचे टायमर (ठरल्या वेळी कामं चालवणारे). क्रोनी (मशीनचं घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) हाही बघून ठेवा. हे सगळं एलपीआयच्या, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, साईटवरच्या अधिकृत धड्यांत फुकट मिळतं, पीडीएफसकट.

गाईडबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. अभ्यासक्रमात प्रत्येक मुद्द्याला वजन दिलेलं असतं आणि पेपरमधले ६० प्रश्न साधारण त्याच प्रमाणात येतात. पहिल्या पेपरात विषय १०३, म्हणजे कमांड लाईन, पाईप, रेग्युलर एक्सप्रेशन, प्रोसेस, व्हीआय, याचं वजन ६० पैकी २६ आहे. हार्डवेअर आणि बूट मिळून फक्त ८. माझ्या गाईडमध्ये बूटवर पानंच्या पानं होती आणि ग्रेप-सेड (मजकूर शोधायच्या आणि बदलायच्या कमांड) घाईघाईत उरकले होते. म्हणून वेळ पानांच्या हिशोबाने वाटू नका, वजनाची यादी शेजारी ठेवून वाटा.

मुळामुठा:
+१. गाईडमधल्या चुकांबद्दलही सांगायला हवं, कारण नवशिक्याला त्या कळत नाहीत. माझ्याकडच्या पुस्तकात यूमास्क (नव्या फाईलला कुठल्या परवानग्या नकोत ते सांगणारा आकडा; प्रत्येक अंकात वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १) शिकवताना 'फाईलसाठी ६६६ मधून यूमास्क वजा करा' असं दिलं होतं. ०२२ ला उत्तर ६४४ येतं, बरोबर. पण यूमास्क ०३३ घ्या. वजाबाकीने ६३३ येतं, म्हणजे ग्रुपला आणि इतरांना लिहायची आणि चालवायची परवानगी! प्रत्यक्षात टच कमांडने नवी फाईल करून बघा, फाईल ६४४ चीच बनते. यूमास्क वजा होत नाही, तो बिट झाकतो. फाईलला एक्झिक्यूटचा बिट मुळातच नसतो, मग झाकलं जातं ते फक्त राईट. हे एकदा डोक्यात बसलं की कुठलाही आकडा देऊ देत, अडत नाही.

तेव्हा प्रकाशकाच्या साईटवर त्या आवृत्तीचं शुद्धिपत्र असेल तर आधी उतरवून घ्या आणि पेन्सिलीने पुस्तकात दुरुस्त्या करा.

रात्रपाळी:
थोडं वेगळं मत. नोकरी बदलायची असेल तर आरएचसीएसएचा (रेड हॅट कंपनीचं ॲडमिन प्रमाणपत्र) विचार करा. पुण्यातल्या सिस्टीम ॲडमिनच्या जाहिरातींत मला तेच नाव जास्त दिसतं. तिथे पर्याय निवडायचे नसतात. तीन तास चालू मशीनवर काम करायचं, ३०० पैकी २१० ला पास. इंटरनेट नाही, फक्त मशीनवरचीच मदतीची पानं (मॅन पेज वगैरे). आणि केलेलं सगळं रीबूटनंतर टिकलं पाहिजे. नुसतं वाचून ही परीक्षा निघत नाही.

टर्मिनलवाली:
रात्रपाळी, मुद्दा पटला, पण कृष्णाकाठ यांच्या ऑफिसात कुठलं लिनक्स आहे त्यावर ते ठरेल. डेबियन-उबुंटू असेल तर एलपीआयसीचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होतो, कारण त्यात सॉफ्टवेअर बसवायची एपीटी (डेबियनची) आणि आरपीएम (रेड हॅटची) ही दोन्ही घराणी येतात. आणि एलपीआयसीतही रिकामी जागा भरायचे प्रश्न असतात. तिथे कमांड स्वतः टाईप करावी लागते, ओळखीची वाटून चालत नाही.

कृष्णाकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. ऑफिसात उबुंटूच आहे, तेव्हा आधी एलपीआयसी. सरावासाठी ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, पुरेल ना? ऑफिसच्या सर्व्हरवर प्रयोग करायची हिंमत नाही.

मुळामुठा:
ऑफिसच्या सर्व्हरला हात लावूच नका. ८ जीबी भरपूर झाले. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत वेगळं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) एक डेबियन आणि एक अल्मालिनक्स (रेड हॅट घराण्यातलं) टाका, दोन्ही ग्राफिकल डेस्कटॉपशिवाय. प्रत्येकाचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) घेऊन ठेवा आणि मग मुद्दाम मोडा. एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) एक यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) चुकीचा लिहा, रीबूट करा, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं की तिथून बाहेर काढा. गाईडमधला माऊंटचा धडा त्यानंतर परत वाचा, मग प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते कळतं.

रात्रपाळी:
आणि दुरुस्त केल्यावर लगेच रीबूट नको. आधी 'findmnt --verify' चालवा, एफएसटॅबमधली चूक तिथेच दिसते.

टर्मिनलवाली:
दोन्ही पेपर एकाच दिवशी घेऊ नका. १०१ झाला की १०२ ला निवांत वेळ द्या, दोन्ही पाच वर्षांच्या आत पास झाले म्हणजे झालं. १०२ मधल्या नेटवर्किंगवर अडलात तर इथेच विचारा, सबनेटिंगच्या माझ्या नोट्स टाकते.