मदत हवी आहे: खुल्या मैदानी स्पर्धेत लहान मुलांच्या शर्यती आणि हलगी-लेझीम ठेवावं काय?

मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. गावच्या युवक मंडळातर्फे यंदा खुली अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा घ्यायचं ठरलंय. बेळगाव, निपाणीकडून चांगले धावपटू येणार. पण बैठकीत दोन तट पडले की! एक म्हणतो, मधे चौदा वर्षांखालच्या पोरांची ६० मीटर आणि रिले ठेवा, हलगी, लेझीम ठेवा. नाहीतर बघायला कोण येतंय? दुसरा म्हणतो, मग ती जत्रा झाली.

मला पहिलं पटतं, पण अर्धंच. न्यूयॉर्कला २०२४ मध्ये अ‍ॅथलोस नावाच्या महिलांच्या स्पर्धेत शर्यतींबरोबर गाण्याचा कार्यक्रमही होता. झुरिकची मोठी स्पर्धा भरवणारी मंडळीच मुलांचा यूबीएस किड्स कप चालवतात, त्याची अंतिम फेरी त्याच लेट्झिग्रुंड मैदानावर होते. म्हणजे पोरं असली म्हणून दर्जा घसरत नाही.

माझी खरी भीती हलगीची. १०० मीटरला 'सेट' म्हटल्यावर कुणी टिपरू मारलं आणि पोरगा हलला तर? २०१० पासूनच्या नियमाने पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाद! उलट लांब उडीला तालावर टाळ्या खेळाडू स्वतःच मागतात.

ज्यांनी अशा स्पर्धा भरवल्यात त्यांनी सांगा: पोरांच्या शर्यती सकाळी उरकाव्यात की मोठ्यांच्या फायनलच्या मधे? आणि वाजवणाऱ्यांना गप्प कसं बसवता? आमच्याकडे स्टार्टर एकच आहे, तोही तापट.