दिवंगत गायकाच्या आवाजात नवे गाणे : परवानगी द्यायची कोणी?

मंद्रसप्तक :
ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या जानेवारीत एका तमिळ चित्रपटगीतासाठी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयच्या साहाय्याने वापरले. हमीद १९९७ मध्ये गेले, बाक्या २०२२ मध्ये. दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि त्यांना मानधन दिले, असे रहमान यांनी स्वतः सांगितले. व्यवहारात खोट काढावी असे त्यात काही नाही, तरीही मला ते पटलेले नाही. घर, शेत, रॉयल्टी वारसांकडे जाते. पण कोणते गाणे गायचे आणि कोणते नाकारायचे, हा निर्णय वारसांकडे कसा जाईल? नाकारलेली गाणी हादेखील गायकाच्या कारकिर्दीचाच भाग असतो. म्हणून हयातीत गायकाने स्वतः होकार दिला नसेल, तर त्याच्या आवाजात नवे गाणे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी तबकडी :
मी पूर्णपणे असहमत आहे. बालगंधर्व १९६७ साली गेले, पण त्यांची पदे त्यांच्याच लकबीसह, श्वासाच्या जागांसह आजही गायली जातात आणि आपण त्याला परंपरा म्हणतो. त्यासाठी त्यांची परवानगी कोणी घेतली? शास्त्रीय गायक भास्करबुवा बखल्यांचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिले नाही, याची हळहळ गेली शंभर वर्षे व्यक्त होत आहे. जपून ठेवण्याचे साधन नव्हते म्हणून हळहळायचे आणि साधन हाती आले की त्याला अटकाव करायचा, ही भूमिका मला समजत नाही. जॉन लेननचेच पाहा. सत्तरच्या दशकात त्याने घरी कॅसेटवर भरलेला आवाज यंत्राने पियानोपासून वेगळा केला आणि २०२३ मध्ये बीटल्सचे ते गाणे प्रसिद्ध झाले. लेनन १९८० मध्येच गेला होता.

मंद्रसप्तक :
लेननचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण ते शब्द आणि ती चाल त्याने स्वतः गायिली होती. यंत्राने त्यावरची धूळ तेवढी झाडली. बालगंधर्वांबद्दल म्हणाल, तर आपल्याकडे गळा आणि गायकी हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते विनाकारण वेगळे नाहीत. नाट्यपदे गाणारा कलावंत अनेक वर्षे रियाज करून बालगंधर्वांची गायकी घेतो, पण ती स्वतःच्या गळ्यातून आणि स्वतःच्या नावाने मांडतो. यंत्र नेमके उलटे करते. ते गळा उचलते आणि गायकी दुसऱ्याच कोणाची तरी असते. पहिल्या प्रकारात ऋण मान्य केलेले असते, दुसऱ्यात ओळखच उसनी असते.

पॅचबे :
मी वीस वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो. "गायकी दुसऱ्याच कोणाची तरी" हे आपण ओघात म्हणालात, पण खरा प्रश्न मला तिथेच दिसतो. असे गाणे करताना बहुतेक वेळा एक जिवंत गायक आधी पूर्ण गाणे गातो. हरकती, मुरक्या, शब्दफेक, कुठे दम घ्यायचा, हे सारे त्याचे असते. मग त्यावर दुसऱ्याच्या आवाजाचा पोत चढवला जातो. श्रोत्याला वाटते, दिवंगत गायक गात आहे. ज्याने खरोखर गायिले, त्याचे नाव कुठेही येत नाही आणि पैसे गाइड ट्रॅकचे, म्हणजे मुख्य गायकाला दिशा दाखवण्यासाठी गायलेल्या कच्च्या ध्वनिमुद्रणाचे, मिळतात. त्यामुळे बंदी मला नको आहे, पण प्रत्यक्ष गाणाऱ्याचे नाव आणि त्याला गायकाचे पूर्ण मानधन, ही अट कायद्याने सक्तीची व्हावी. आपण दोघेही गेलेल्या माणसाची बाजू मांडत आहात; माईकसमोर उभ्या असलेल्या माणसाचा विचार कोणी केलेला नाही.

सांजवात :
माझे वडील कीर्तनकार होते. स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला, तेव्हा जुन्या कॅसेटींवरून भावाने तो संगणकावर तयार करून घेतला आणि शेवटचे आठ महिने ते टंकून, पण स्वतःच्या आवाजात आमच्याशी बोलले. आता ते नाहीत. त्याच आवाजात आई रोज संध्याकाळी अभंग ऐकते, त्यांतले कित्येक बाबांनी कधी ध्वनिमुद्रित केलेले नव्हते. त्यासाठी बाबांना कोणी विचारले नव्हते, हे खरे आहे. मंद्रसप्तक, आपला नियम माझ्या आईलाही लागू होतो का?

मंद्रसप्तक :
नाही, आणि माझ्या पहिल्या मांडणीत ही मर्यादा घालायला हवी होती. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यानेही व्यक्तीने निव्वळ खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळला आहे. तेच अभंग उद्या कोणी आपल्या वडिलांच्या नावावर प्रसिद्ध केले, तर मात्र माझा आक्षेप उभा राहील, मग ते करणारा आपला भाऊ का असेना.

कलम अडतीस :
कायद्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंह यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले, पण हे दोन्ही कलावंत स्वतः न्यायालयात गेले होते. जयललिता यांच्या भाचीच्या दाव्यात मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले, की खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांना मिळत नाही. कॉपीराइट कायद्यातला सादरकर्त्याचा ५० वर्षांचा हक्क प्रत्यक्ष झालेल्या सादरीकरणापुरता आहे आणि जे गाणे गायकाने गायिलेच नाही, ते त्याचे सादरीकरण ठरत नाही. तेव्हा वारसांची परवानगी हा आज सौजन्याचा भाग अधिक आहे आणि मंद्रसप्तक यांच्या नियमालाही कायद्यात थेट आधार नाही. आधार निर्माण करायचा असेल, तर तो गायकाच्या करारातच करावा लागेल.

जुनी तबकडी :
करारात गायकाने स्पष्ट होकार लिहून दिला असेल, तर माझा वाद उरत नाही. पण जे कराराच्या काळाआधीच गेले, त्यांचे आवाज कायमचे बंद ठेवायचे, हे मला अजूनही मान्य नाही.

पॅचबे :
करारांची आजची स्थिती सांगतो. नव्या गायकांपुढे येणाऱ्या मसुद्यात "सध्या ज्ञात आणि भविष्यात विकसित होणाऱ्या सर्व माध्यमांत व प्रकारांत" असे शब्द असतात आणि मुलेमुली ते न वाचता सही करतात. करारावेळी अस्तित्वात नसलेले माध्यम नावानिशी नमूद केलेले नसेल, तर त्याचे हक्क हस्तांतरित होत नाहीत, अशी तरतूद कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने आली, पण आवाजाची प्रतिकृती आज अस्तित्वात आहे, त्यामुळे त्या तरतुदीवर विसंबता येणार नाही. गेल्या महिन्यापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गायकाला मी सहीआधी एक ओळ हाताने लिहायला सांगतो : "या ध्वनिमुद्रणावरून माझ्या आवाजाची प्रतिकृती तयार करण्यास माझी संमती नाही." आतापर्यंत एका निर्मात्याने त्यावरून काम काढून घेतले, दोघांनी ओळ मान्य केली.