मदत हवी आहे: नाल्याच्या दरडीत झाकणाची बिळं सापडलीत, कोळी नवीन जातीचा आहे का हे ठरवायचं कसं?

केळीचा_घड:
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितोय, सातपुड्याच्या पायथ्याला आमची केळी आहे. घाई आहे. मिरगाच्या आधी बांधालगतच्या नाल्याचं खोलीकरण आहे, आठवडाभरात जेसीबी लागेल. आणि नेमक्या त्याच दरडीत झाकणाच्या कोळ्यांची नऊ बिळं निघालीत.

ठिबकची नळी गुंडाळताना हात टेकला तर दरडीचा रुपयाएवढा तुकडा हलला. नखानं उचलायला गेलो, तर आतून कोणीतरी ओढून धरलं! काडीनं उचकटून पाहिलं. झाकण बाहेरून मातीचं, वर वाळकं शेवाळ, शेजारी बसलात तरी ओळखू येणार नाही. आतून पांढरंशुभ्र रेशीम, एका बाजूला बिजागरी आणि समोरच्या कडेला सुईनं टोचल्यासारखी दोन भोकं. तिथे दात रोवून ती दार धरून बसते.

एक मादी माझ्या हातून मेली (बीळ खणताना टिकाव लागला, घाई माझीच). काळपट तपकिरी, पाय सोडून दोनेक सेंटिमीटर. एका कॉलेजात दाखवायला नेली. तिथल्या सरांनी न विचारता फॉर्मॅलिनमध्ये टाकली आणि ‘ट्रॅपडोअर आहे’ म्हणून बाटली हातात दिली. संपलं! डोळे मीच पाहिले: दोन पार पुढे, जबड्याच्या मुळाशी, बाकी सहा मागे पुंजक्यात. त्यावरून इडिओप्स (झाकणाच्या कोळ्यांचा एक वंश) वाटतो.

फोटोंवरून नवीन जात ठरते का? उरलेली आठही बिळं आत्ताच खणून काढू का? आणि नाव आजीचं देता येतं का? लहानपणी तीच ओरडायची, ‘काडी नको घालू, दार आतून लावलंय तिनं.’

आठपायी:
कुळ बरोबर, इडिओपिडी. पण वंशाचा शिक्का इतक्यात मारू नका, त्याच कुळातल्या हेलिग्मोमेरस या दुसऱ्या वंशाचे डोळेही असेच असतात. तिसरा पाय बघा. गुडघ्याच्या पुढच्या पेरावर, वरच्या बाजूला खोगिरासारखा गुळगुळीत खळगा असेल तर हेलिग्मोमेरस, नसेल तर इडिओप्स.

जातीसाठी फोटो पुरत नाहीत. मादीचं पोट खालून उघडून शुक्रकोशांचा (नराचं वीर्य साठवायच्या पिशव्यांचा) आकार बघावा लागतो, नराच्या स्पर्शपादाच्या (तोंडाजवळच्या छोट्या पायासारख्या अवयवाच्या) टोकाचा फुगा बघावा लागतो, आणि ते आधी वर्णन झालेल्या जातींशी ताडून पाहावं लागतं. फॉर्मॅलिननं डीएनएची वाट लागते, पण आकार शाबूत राहतो. ती मादी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. पुढच्या नमुन्याचा एक पाय मात्र आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये.

आठही खणायची नाहीत! ही मादी जन्मभर एकाच बिळात राहते. ऑस्ट्रेलियातली ‘नंबर १६’ नावाची मादी १९७४ पासून अभ्यासात होती, २०१६ मध्ये गेली तेव्हा ४३ वर्षांची होती. पिल्लं चालत जातात ती फार लांब जात नाहीत, म्हणून यांच्यात एकेका टापूपुरत्या जाती सापडतात. तुमच्या दरडीबद्दल उत्सुकता आहे ती त्यामुळेच. जेसीबीच्या बकेटमध्ये जाणारच असतील तेवढीच काढा. खोली, झाकणाची जाडी आणि जीपीएस आधी लिहून ठेवा. नर पाऊस पडला की मादी शोधत बाहेर फिरतात. प्लास्टिकचे ग्लास काठोकाठ जमिनीत पुरा आणि रोज सकाळी बघा, नाहीतर बेडूकच सापडतील.

तापीकाठ:
नाला वनहद्दीत येत असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका, तुमच्याकडे यावल अभयारण्य फार लांब नाही. आजीचं नाव चालतं, बाईच्या नावाला लॅटिन रीतीनं शेवटी ‘ए’ (-ae) लागतो. स्वतःचं मात्र देऊ नये, लोक हसतात. पण बारसं सगळ्यात शेवटी. आधी मूळ नमुना संग्रहालयात जमा, आपल्याला पुण्यात आकुर्डीचं प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र बरं पडेल. मग वर्णन छापून येणार. नुसत्या ऑनलाइन जर्नलात छापणार असाल तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीची) नोंदणी लागते. त्याआधी व्हॉट्सॲपवर नाव फिरवू नका.

केळीचा_घड:
भाचीचं भिंग घेऊन बसलो. खळगा आहे! दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या पायाला. म्हणजे माझा इडिओप्स गेला.
नाला आमच्याच गटात आहे, सातबारा काढून पाहिला. जेसीबीवाला भाऊ भला माणूस, वरच्या अंगाची दरड सोडतो म्हणाला, पाच बिळं राहतील. तीन त्याच्या वाटेत आहेत, ती उद्या सकाळी खुरप्यानं काढतो, टिकाव नाही. जळगाव-भुसावळकडे कोणाच्या प्रयोगशाळेत शुद्ध अल्कोहोल मिळेल का? चार छोट्या बाटल्या पुरे. मेडिकलवाला जखमेचं स्पिरिटच पुढे करतोय.