[मंडळ-चर्चा] वीजबिल वसुली एजन्सीकडे गेलंय, तडजोड करावी का?

म., जर्सी सिटी:

नमस्कार मंडळी,

जुन्या अपार्टमेंटचं लाइटबिल माझ्या नावावर होतं. मेअखेर लीज संपली, कंपनीला तसं कळवलंही होतं. आता एका वसुली एजन्सीचं पत्र आलंय, ११८७ डॉलरचं. त्यात जून-जुलैसुद्धा धरलेले दिसतात. फोनवरचा माणूस म्हणतो, आजच्या आज कार्डाने ९०० भरा, विषय संपवू. नाहीतर व्हिसाचं अवघड होईल. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, ग्रीन कार्डाचं चालू आहे. बायको म्हणते, भर आणि मोकळा हो. भरू का?

काका, एडिसन:

बायकोचं बाकी सगळं ऐक, एवढं ऐकू नकोस. आज एक पैसा द्यायचा नाही, आणि कार्डाचा नंबर तर मुळीच नाही.

व्हिसाची ती शुद्ध थाप. वसुलीवाल्याचा आणि इमिग्रेशनचा काडीचा संबंध नाही. अटकेची वगैरे खोटी भीती घालायला १९७७च्या फेडरल वसुली कायद्याने बंदी आहे. कोणी, कधी, काय म्हटलं ते तारखेनिशी लिहून ठेव. परत बोलला तर सीएफपीबीकडे (ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी बघणारी फेडरल संस्था) आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार ठोक. सकाळी ८च्या आधी आणि रात्री ९नंतर फोन करायचीही त्यांना मुभा नाही.

आता ते पत्र समोर घे. मधोमध छोटा तक्ता असेल: अमुक तारखेला मूळ देणं किती, त्यावर व्याज किती, फी किती, तू भरलेस किती, आजची बेरीज किती. नोव्हेंबर २०२१पासून हा हिशेब त्यांना द्यावाच लागतो. सगळ्यात खाली बहुधा फाडून पाठवायचा भाग असेल, त्यात चौकोन असतात. ‘रक्कम चुकीची आहे’ वर खूण कर, मूळ घेणेकऱ्याचं (ज्याचे पैसे बाकी आहेत त्याचं) नाव-पत्ता मागायचाही चौकोन असतो, तोही भर. लीजची प्रत जोड आणि सर्टिफाइड मेलने, म्हणजे पाठवल्याची पावती मिळणाऱ्या टपालाने, पाठव. पत्रात शेवटची तारीख छापलेली असते. त्या ३० दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत गेली की पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. फोनवरच्या हरकतीला हे संरक्षण नाही, म्हणून लेखीच.

फीच्या रकान्यात काही दिसतंय का?

म.:

हो काका, ७५ डॉलर ‘कलेक्शन फी’. मूळ बिल १११२.

काका:

ती फी कराराच्या कुठल्या कलमाखाली लावली, विचार. करारात किंवा कायद्यात नसेल तर लावता येत नाही. बहुतेक वेळा विचारल्यावरच गळून पडते.

दुसरं म्हणजे देणं कोणाच्या मालकीचं आहे ते काढ. एजन्सी कमिशनवर वसुली करत असेल, तर सूट किती द्यायची हे वीज कंपनीच ठरवते आणि कंपनीशी थेट बोलता येतं. देणं विकत घेतलं असेल, तर त्यांनी ते कवडीमोलाने घेतलेलं असतं, तिथे घासाघीस जास्त चालते. जून-जुलैचं मात्र आधी कंपनीकडूनच दुरुस्त करून घे. ऐकलं नाही तर न्यू जर्सीच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजकडे (वीज कंपन्यांवर देखरेख करणारं राज्याचं मंडळ) तक्रार करता येते. चुकीच्या आकड्यावर घासाघीस करण्यात काय अर्थ?

देणं फार जुनं असतं तर वेगळं सांगितलं असतं. साध्या कराराच्या देण्यावर दावा लावायची मुदत इथे सहा वर्षं आहे, आणि अशा जुन्या देण्यावर थोडे पैसे भरले की बऱ्याच राज्यांत ती मुदत नव्याने सुरू होते. तुझं ताजं आहे, तो प्रश्न नाही.

वै., प्रिन्स्टन:

काकांचं सगळं पटतं, पण सूट घ्यायचीच का, यावर माझं थोडं वेगळं मत आहे. वर्षभरात घर घेणार असशील तर दुरुस्त रक्कम पूर्ण भर. कमी भरून मिटवलं तर क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, तशी नोंद राहू शकते, आणि वसुलीची नोंद सात वर्षं दिसते. फायको या क्रेडिट स्कोअरची नवी मॉडेलं चुकती झालेली वसुली धरत नाहीत, पण घरकर्जवाले बरेचजण अजून जुन्यांवरच चालतात. शिवाय त्याच कंपनीच्या हद्दीत राहणार असशील, तर नव्या कनेक्शनच्या वेळी जुनी बाकी वर काढतील. कंपनीचं ‘खात्यावर बाकी शून्य’ असं पत्र हवंच.

 

म.:

ताई, काका, अपडेट देतो. लीज आणि मीटरचा फोटो पाहून कंपनीने २९० कमी केले. फी एजन्सीने काढली. राहिले ८२२. देणं कंपनीचंच आहे, एजन्सी कमिशनवर. घर इतक्यात घेत नाही, म्हणून सूट मागितली. मी एकरकमी ३५० म्हटलं, एजन्सीवाला ७००वर अडून बसला. मी गप्प राहिलो. महिनाअखेर होती म्हणून की काय, ४९५ला आला. आज भरा म्हणतोय.

काका:

झकास! पण पत्र आधी, पैसे नंतर. पत्रात खाते क्रमांक, ४९५ ही रक्कम, भरायची तारीख, आणि उरलेलं देणं मिटलं, ते कोणाला विकणार वा सोपवणार नाही, एवढं स्पष्ट हवं. ‘पेमेंटबद्दल आभार’ छापाचं पत्र चालणार नाही. बँक खात्याचा ॲक्सेस देऊ नकोस, कॅशियर्स चेक (बँकेने स्वतःच्या नावे काढलेला चेक) पाठव. पत्र आणि चेकची प्रत कायमची जपून ठेव. अशी उरलेली बाकी दोन वर्षांनी भलत्याच एजन्सीच्या यादीत सापडते.

म.:

पत्र आलं, सगळं आहे. चेक उद्या जातोय. माफ झालेल्या पैशांवर टॅक्स लागतो का?

वै.:

लागू शकतो. ८२२ मधून ४९५ गेले, म्हणजे ३२७ माफ. माफ झालेलं देणं टॅक्सखात्याला कळवायच्या १०९९-सी फॉर्मची मर्यादा ६०० आहे, त्यामुळे तो बहुधा येणार नाही. पण फॉर्म नाही म्हणून उत्पन्न नाही असं नसतं, रिटर्न भरताना सीपीएला (टॅक्सचं काम बघणाऱ्या अकाउंटंटला) सांग. ते २९० आणि ७५ मुळात तुझं देणंच नव्हतं, ते यात धरू नकोस.