गोल्फमध्ये लांबचा पट दोन फटक्यांत कसा संपवावा?

शनिवारचा_गोल्फर:
गेल्या फेरीत सात ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) मला तीन-तीन पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळत नेणारे फटके, लागले. होल चाळीस फुटांवर असले की पहिला पट सहा-सात फूट आखूड राहतो किंवा तितकाच पुढे निघून जातो. चेंडू कुठल्या रेषेने जाईल हे तर मी बराच वेळ पाहतो, मग चुकते कुठे?

तिसरा_टी:
दुखणे तुमच्या प्रश्नातच आहे. दिशा सहसा फूट-दोन फुटांनी चुकते. तुमची चूक अंतराची आहे आणि वेळ मात्र सगळा रेषेवर खर्च होतो. व्यावसायिक खेळाडूंचेही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होलमध्ये जातात, तेव्हा दुसऱ्या पटाला दोष देऊ नका. चेंडूपासून होलपर्यंत चालत जाऊन पावले मोजा आणि सरावाचे दोन-तीन झटके होलकडे पाहत घ्या, म्हणजे पटर (पट मारायची काठी) किती मागे न्यायचा हे हातांना आपोआप कळते. सरावाच्या ग्रीनवर होल सोडून द्या. तीन चेंडू घेऊन ते ग्रीनच्या कडेला, झालरीच्या गवताला टेकतील न टेकतील असे थांबवा.

यामिनी_पुणे:
वरील मताला एक पुरवणी जोडते. चेंडू शेवटच्या पाच-सहा फुटांत मंदावतो आणि तिथेच उताराला सर्वांत जास्त बळी पडतो, म्हणून होलभोवतीचा उतार आधी पाहावा आणि उरलेला पट चढाचा राहील अशा बाजूला चेंडू थांबवावा. बर्म्युडा जातीच्या गवतावर होलची कड वाकून पाहिली, तर एका बाजूची कड विस्कटलेली दिसते. गवत त्या दिशेला झुकलेले असते आणि तिकडे जाणारा चेंडू अधिक पळतो. (आमचे पिशवी वाहणारे कॅडी हे न वाकता सांगतात, ती गोष्ट वेगळी.)

जुना_पटर:
१९७० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर डग सँडर्स यांना विजेतेपदासाठी सुमारे तीस फुटांवरून दोनच पट पुरेसे होते. पहिला जेमतेम तीन फूट आखूड राहिला, दुसरा हुकला, बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये (निर्णायक फेरीत) जॅक निकलस जिंकले. म्हणून ‘तीन फुटांच्या वर्तुळात आणा’ हा प्रचलित सल्ला मला पटत नाही. नेम होलवरच धरावा.

शनिवारचा_गोल्फर:
आभारी आहे. इतक्या लांबून पट मारताना होलमधला फ्लॅग काढावा का?

तिसरा_टी:
राहू द्या. २०१९ पासून पट फ्लॅगला लागला तरी दंड नाही, आणि अंतराचा अंदाजही त्यामुळे नीट येतो.