एपी सायकॉलजी: 100 प्रश्न की 75?

मिरजेची_लेक
मुलगी अकरावीत, न्यू जर्सीत. मे महिन्यात एपी सायकॉलजी आहे, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची मानसशास्त्राची परीक्षा. शेजारच्या ताईंनी त्यांच्या मुलाचं 2019 चं पुस्तक दिलंय. त्यात 100 बहुपर्यायी प्रश्न, 70 मिनिटं, प्रत्येकी पाच पर्याय. लेक म्हणते, टीचर 75 सांगतात. मी बारावीला ‘टिपा लिहा’च्या जिवावर तरलेली बाई, मला यातलं काय कळणार? खरं कोणाचं?

दोन_पोरांचा_बाप
टीचरचं. 2025 पासून पेपर बदललाय. आता 75 प्रश्न, 90 मिनिटं, चार पर्याय. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, त्यामुळे रिकामं काही सोडायचं नाही. दोन तृतीयांश मार्क यातच. सगळं लॅपटॉपवर, परीक्षेच्या ब्लूबुक ॲपमध्ये.

खरी गंमत लेखी प्रश्नांत. दोनच, 7-7 गुणांचे. पहिल्यात एका संशोधनाचा सारांश देतात. 25 मिनिटं, त्यातली 10 वाचायला. पद्धत कोणती, अमुक गोष्ट मोजली कशी, आकडा काय सांगतो, नैतिक नियम कोणता पाळला, निष्कर्ष कोणाकोणाला लागू होतो, असं विचारतात. आमच्या थोरल्याने सरावात ‘ताण कसा मोजला?’ला लिहिलं, ‘ताण म्हणजे टेन्शन.’ शून्य! उताऱ्यात सरळ होतं: सहभागींनी 1 ते 10 मध्ये स्वतःला गुण दिले. तेवढंच उतरवायचं होतं. व्याख्या कोणी मागितलीच नव्हती.

रात्रपाळीवाली
दुसऱ्या प्रश्नाला 45 मिनिटं, त्यात 15 वाचनाची. एकाच विषयावरच्या संशोधनांचे तीन स्रोत देतात. आधी आपला दावा एका वाक्यात, मग दोन पुरावे. दोन्ही वेगवेगळ्या स्रोतांतले हवेत, आणि दोन्हींना जोडलेली मानसशास्त्रातली संकल्पनाही वेगळी. माझी भाची दोन्हीकडे तीच संकल्पना चिकटवून आली. मार्क गेले, वर आठवडाभर जेवताना तोच विषय.

मिरजेची_लेक
मग पुस्तक रद्दीत घालू?

दोन_पोरांचा_बाप
छे! नऊ युनिटांची पाच केलीत, पण मेंदूचे भाग, मुलांच्या विचारशक्तीचे टप्पे सांगणारा पियाजे, पावलॉव्हचा घंटीवाला कुत्रा जागच्या जागी आहेत. फक्त ‘एक प्रसंग आणि त्याला सात संज्ञा लावा’ हा जुना लेखी प्रकार आहे ना, ती पानं फाडून टाका.

मिरजेची_लेक
फाडते कशाला, ताईंना परत द्यायचंय. स्टेपल मारून ठेवते.